इंडियन वेल्स

इंडियन वेल्स हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड काउंटीमधील एक छोटे शहर आहे. ते कोचेला खोऱ्याच्या वाळवंटी प्रदेशात, सांता रोसा पर्वताच्या पायथ्याशी, पाम डेझर्ट आणि ला किंटा या शहरांच्या मध्ये वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ४,७५७ होती. येथे दरवर्षी होणाऱ्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेमुळे हे शहर जगभर ओळखले जाते.

नाव व इतिहास

या परिसराचे मूळ रहिवासी काहुइया जमातीचे लोक होत. वाळूत हाताने उतरते खड्डे खणून ते भूगर्भातील पाण्यापर्यंत पोहोचत. पायऱ्यांच्या विहिरीप्रमाणे या विहिरींतही चालत उतरून पाणी भरता येई. शहराचे नाव या विहिरींवरूनच पडले. १८६२ मध्ये कोलोरॅडो नदीकाठच्या ला पाझ येथील सोन्याच्या खाणींकडे जाणारा ब्रॅडशॉ मार्ग या खोऱ्यातून सुरू झाला, तेव्हा प्रवाशांना या पाणवठ्यांचाच आधार होता. मात्र त्याच सुमारास पसरलेल्या देवीच्या साथीत काहुइया लोकांची मोठी जीवितहानी झाली.

विसाव्या शतकात खोऱ्यात खजुराच्या बागा उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर गोल्फ मैदाने व हॉटेले आली आणि हे ठिकाण धनिकांचे हिवाळी विश्रामस्थान बनले. माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर निवृत्तीनंतर हिवाळ्यात येथील एल्डोराडो क्लबच्या परिसरात राहत. १९५९ ची रायडर चषक गोल्फ स्पर्धा याच क्लबवर झाली. १९६७ मध्ये इंडियन वेल्सला शहराचा दर्जा मिळाला.

टेनिस स्पर्धा

या स्पर्धेचा आरंभ १९७४ मध्ये ॲरिझोनातील टुसॉन येथे झाला. पुढे ती कोचेला खोऱ्यात आली. माजी खेळाडू चार्ली पासारेल व रे मूर यांनी तिला स्थैर्य दिले. १९८७ पासून ती इंडियन वेल्स येथे भरते. २००० मध्ये इंडियन वेल्स टेनिस गार्डन हे संकुल खुले झाले. त्याच्या मुख्य क्रीडागारात सुमारे १६,१०० प्रेक्षक बसू शकतात, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या तिपटीहून अधिक. २००९ मध्ये उद्योजक लॅरी एलिसन यांनी स्पर्धा व संकुल विकत घेतले. पुरुष व महिला अशा दोन्ही गटांचे सामने कठीण पृष्ठभागावर मार्च महिन्यात होतात. वाळवंटातील कोरड्या हवेत चेंडू वेगाने जातो, परंतु खडबडीत पृष्ठभागावर पडताच मंदावतो आणि उंच उसळतो. पुरुष एकेरीत रॉजर फेडरर व नोव्हाक जोकोविच यांनी प्रत्येकी पाच विजेतेपदे मिळवली आहेत.

२००१ ची घटना

२००१ मध्ये व्हीनस विल्यम्सने गुडघ्याच्या दुखापतीमुळे बहीण सेरेनाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यातून ऐनवेळी माघार घेतली. सामन्यांचे निकाल घरातच ठरतात, अशी कुजबुज त्यापूर्वीच सुरू होती. अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी १९ वर्षांच्या सेरेनाची सतत हुर्यो उडवली, तरीही तिने किम क्लायस्टर्सला ४-६, ६-४, ६-२ असे हरवले. प्रेक्षकांनी वांशिक शेरेबाजी केल्याचा आरोप वडील रिचर्ड विल्यम्स यांनी केला. त्यानंतर दोघी बहिणींनी अनेक वर्षे या स्पर्धेत भाग घेतला नाही. सेरेना २०१५ मध्ये परतली, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून तिचे स्वागत केले. त्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिलाच उपान्त्य सामन्यातून माघार घ्यावी लागली. व्हीनस २०१६ मध्ये परतली.

भारतीय खेळाडू

मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने महिला दुहेरीत २०११ मध्ये एलेना वेस्निनासह व २०१५ मध्ये मार्टिना हिंगिससह विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनसह पुरुष दुहेरी जिंकली. त्या वेळी ४३ वर्षांचा असलेला बोपण्णा मास्टर्स १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारा तोवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.