आजोबांचेही एक तिकीट काढा

घरातील नात महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींसह एक आगळाच नृत्यप्रयोग बसवत असते. त्यात ना ओळखीचे गाणे, ना झगमगता पोशाख. कधी केवळ श्वासाच्या लयीवर हलणारी शरीरे, तर कधी पितळी भांडी, चिपळ्या आणि जात्याची घरघर यांतून उभे राहणारे संगीत. प्रयोग एखाद्या शाळेच्या सभागृहात, शंभर-दीडशे प्रेक्षकांसमोर व्हायचा असतो. सायंकाळी सारे घर निघते आणि सूनबाई दाराशी थांबून म्हणतात, ‘‘आई, बाबा, तुम्ही आराम करा. तुम्हांला ते काही कळायचे नाही, उगीच दगदग होईल.’’ दोघेही मान डोलावतात. दार लोटले जाते.

वाचकहो, या वाक्यात प्रेम आहे, काळजीही आहे. परंतु अशाच प्रेमळ वाक्यांनी ज्येष्ठांचे जग हळूहळू लहान होत जाते. आधी बाजार सुटतो, मग लग्नकार्ये सुटतात, पुढे मंदिरही लांब वाटू लागते. उरते ती खिडकीपाशची खुर्ची आणि दूरचित्रवाणी संच. म्हणूनच छोट्या नाट्यगृहातील तरुणांच्या प्रयोगांकडे आपण आरोग्याच्या दृष्टीने पाहू या.

नवे म्हणजे परके नव्हे

‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकताच अनेक ज्येष्ठ बिचकतात. वास्तविक हिंगोली जिल्ह्यातील ज्येष्ठांना बिचकण्याचे कारण नाही. ज्या नर्सी गावाला संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा वंदन करते, ते याच जिल्ह्यात आहे. कीर्तनात तल्लीन होऊन नाचावे आणि त्यातूनच जगात ज्ञानाचा दीप लावावा, ही नामदेवांची आकांक्षा आपणां सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनकार एकटा उभा राहतो, गातो, निरूपण करतो, मध्येच एखाद्या पात्राच्या आवाजात बोलतो, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले टाकतो. पडदा नसतो, नेपथ्य नसते आणि श्रोते हाताच्या अंतरावर बसलेले असतात. आजचे तरुण कलावंत छोट्या रंगमंचावर जे शोधत आहेत, ते याहून फार निराळे नाही.

मराठी प्रायोगिक रंगभूमीने तर हे ऋण उघडपणे स्वीकारले. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, तेव्हा गात-डोलत उभी राहणारी माणसांची रांग हाच त्याचा पडदा होता. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी नटांच्या देहालाच नेपथ्य बनवले. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशे हे दोघेही डॉक्टर, हा योगायोग आरोग्यविषयक नियतकालिकाच्या वाचकांना रुचावा. पुढे १९७४ साली सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने कीर्तनाचाच बाज घेऊन मृत्यूकडे हसत पाहिले. त्याच सुमारास मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या संस्थेच्या पुढाकाराने छोट्या रंगभूमीची चळवळ रुजली.

ज्या पिढीला आज ‘तुम्हांला कळायचे नाही’ असे सांगितले जाते, तिच्याच तारुण्यात हे सारे घडले. त्या काळी बुचकळ्यात पडलेले वडीलधारे होते आणि नवे करू पाहणारी पोरे होती. आता केवळ जागा बदलल्या आहेत.

अभ्यास काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे, तब्येत सांभाळणे आणि आजारातून सावरणे या तिन्हींत कलेचा हातभार लागू शकतो, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नाटक, संगीतसभा, संग्रहालये अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये सुमारे चौदा वर्षांच्या काळात मृत्यूची जोखीम ३१ टक्क्यांनी कमी आढळली. वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांमध्येही ती १४ टक्क्यांनी कमी होती.

अमेरिकेत ७५ वर्षांपुढील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी दिसून आला. शारीरिक हालचालींच्या प्रकारांत असा संबंध केवळ नृत्याचाच आढळला.

येथे सावधपणा हवा. ज्यांची तब्येत बरी असते तेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. संशोधकांनी आर्थिक स्थिती, आजारपण अशा बाबी हिशेबात घेतल्या, तरी नाटक हे औषध आहे असा अर्थ काढू नये. एवढे मात्र म्हणता येते, की घराबाहेर पडणे, चार माणसांत बसणे, काही नवे पाहून त्यावर विचार करणे आणि मन हेलावणे या चारही गोष्टी एकाच संध्याकाळी घडतात. गोळीच्या पाकिटात ही सोय नाही.

खुर्चीवरची पावली

तरुण नर्तक आणि ज्येष्ठ यांचे नाते प्रेक्षकाच्या खुर्चीपाशीच संपत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांना नृत्य शिकवण्यास आरंभ केला. ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ या रुग्ण आणि काळजीवाहकांच्या आधारगटातील मंडळी त्यांच्या वर्गात आली.

यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. पार्किन्सन्समध्ये पावले आपोआप पडत राहण्यासाठी मेंदूतून मिळणारी अंतर्गत लय क्षीण होते. दारातून जाताना पाय जणू जमिनीला चिकटतात. अशा वेळी बाहेरून मिळालेला ठेका, मोजलेले अंक किंवा जमिनीवरची रेघ यांच्या आधाराने पुष्कळांना पाऊल उचलता येते. दिंडीतली पावली ज्यांच्या अंगात भिनली आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. डॉक्टर अथवा फिजिओथेरपिस्ट यांचा सल्ला घेऊन, हात असलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, टाळांच्या ठेक्यावर टाच उचलणे आणि हात फिरवणे घरीही करता येते. उभे राहून करायचे असेल, तर आधाराला माणूस हवाच.

नेण्यापूर्वी ही तयारी करा

• पहिला प्रयोग तासाभराचा आणि शक्यतो दुपारचा निवडावा. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ साधावी.

• जिने किती, कठडा आहे का, स्वच्छतागृह कोठे आहे, हे आयोजकांना आधी विचारावे. कडेची, दाराजवळची खुर्ची मागून घ्यावी.

• वयानुसार डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो. दिवे मालवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे आधीच जागेवर बसवावे.

• ध्वनिवर्धकाजवळ बसू नये. श्रवणयंत्र असल्यास त्याचा आवाज कमी कसा करायचा, याचा घरीच सराव करावा.

• प्रयोगात वेगाने उघडझाप करणारे दिवे आहेत का, हे विचारावे. फिट्स येणाऱ्यांनी असा प्रयोग टाळावा.

• मधुमेह असल्यास जेवण आणि औषध यांची वेळ चुकवू नये. साखर किंवा ग्लुकोजची पुडी जवळ ठेवावी.

• शेवटी टाळ्या वाजल्या की लगेच उठवू नये. उठताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. पायांची हालचाल करून, मग सावकाश उभे करावे.

• स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती अस्वस्थ झाली, तर मध्येच बाहेर पडण्यात कमीपणा मानू नये. पंधरा मिनिटे आनंदात गेली, तरी संध्याकाळ सार्थकी लागली.

‘कळले का?’ असे विचारू नका

घरी परतल्यावर ‘कळले का?’ हा प्रश्न टाळावा. तो परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी ‘काय दिसले? कशाची आठवण झाली?’ असे विचारावे. जात्याची घरघर ऐकून आजींना पहाटेच्या ओव्या आठवतील. कदाचित त्या दोन ओव्या म्हणूनही दाखवतील आणि नातीच्या पुढील प्रयोगाला नवे द्रव्य मिळेल.

यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची आवश्यकता नाही. राज्य नाट्य स्पर्धेची नाटके नांदेड आणि परभणी केंद्रांवर होतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हिंगोलीतील महाविद्यालये येतात आणि तेथील विद्यार्थी युवक महोत्सवासाठी दरवर्षी काही ना काही बसवत असतात. आपले ज्येष्ठ अंथरुणाला खिळलेले असतील, तर या मुलांना एखादी तालीम आपल्या अंगणात किंवा ओसरीवर करायला बोलवा. मुलांना प्रेक्षक हवेच असतात.

पुढच्या वेळी नातीने प्रयोगाचे निमंत्रण आणले, की घरातील माणसे मोजताना आजी-आजोबांनाही मोजा. जायचे की नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.