चाकातून घरघर येतेय? दुचाकीचं बेअरिंग घरी कसं तपासायचं, कधी बदलायचं आणि कुठे थांबायचं

पावसाळ्यात ओढ्यातून, चिखलातून, शेतरस्त्याने गाडी चालते. पाऊस उघडला की हळूहळू चाकातून आवाज सुरू होतो. आधी बारीक घूंऽऽ असा, मग घरघर, मग खडखड. बरेच जण म्हणतात, "चालतेय ना, बघू दिवाळीनंतर." पण हा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असेल तर तो पुढे ढकलण्यासारखा नाही. बेअरिंग फुटलं तर चाक एक्सलवर डगडगतं, वळणावर गाडी हातात राहत नाही. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं आणि हँडलला दुधाची किटली असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरी तक्रारही नेहमीची आहे. "नवीन बेअरिंग टाकलं आणि दोन महिन्यांत परत गेलं." अशा वेळी दोष दर वेळी बेअरिंगचा नसतो. बेअरिंग लवकर जातं ते मुख्यतः दोन कारणांनी: आत पाणी शिरलं म्हणून, नाहीतर बसवताना चुकीच्या जागी ठोकलं म्हणून. दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

बेअरिंग म्हणजे नेमकं काय?

एक छोटी रिंग, तिच्याभोवती एक मोठी रिंग आणि दोघींच्या मध्ये पोलादी छर्रे. मोठी रिंग चाकाच्या हबमध्ये घट्ट बसते आणि चाकाबरोबर फिरते. छोटी रिंग एक्सलवर स्थिर राहते. सगळा भार छर्र्यांवर येतो. एका चाकात दोन बेअरिंग असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोघांच्या मध्ये लोखंडी नळी असते, तिला गॅरेजवाले डिस्टन्स पीस म्हणतात. ही नळी लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकात तिसरं बेअरिंगही असतं. चेनचं मोठं स्पॉकेट ज्या भागावर बसतं, त्याच्या आत ते असतं. चाकातली दोन बदलली आणि हे तिसरं तसंच राहिलं, की आवाज काही जात नाही.

पाच मिनिटांत तपासा

गाडी मेन स्टँडवर लावा. पुढचं चाक उचलायला इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या किंवा कुणाला तरी मागून दाब द्यायला सांगा.

१. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. एक हात आत, दुसरा बाहेर. कटकट लागली किंवा चाक हललं तर बेअरिंग ढिलं आहे.

२. हे करताना नेमकं काय हलतंय ते बघा. दोन्ही शॉकअप पुढे-मागे हलत असतील तर दोष हँडलच्या कोन सेटचा असू शकतो. मागच्या बाजूला चिमटाच डावी-उजवीकडे हलत असेल तर चिमट्याचे बुश गेलेत. बेअरिंगवर उगाच खर्च करू नका.

३. चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात शॉकअपवर किंवा चिमट्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला बारीक थरथर लागते. मागचं चाक तपासताना चेनचा आवाज मिसळतो, चेन उतरवून बघितलं तर नीट कळतं. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवून चेन किंवा स्पॉकेटजवळ हात नेऊ नका. बोटं जातात.

४. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालू असताना क्लच दाबा. इंजिनचा आवाज पडला, पण घरघर गाडीच्या वेगाबरोबरच कमी-जास्त होत राहिली, तर दोष चाकाच्या बाजूला आहे. टायर जास्त झिजला असेल तरी असाच आवाज येतो, तोही बघून घ्या.

डिस्क ब्रेकच्या गाडीत आणखी एक खूण असते. चाक डगडगलं की डिस्क ब्रेक पॅडला मागे ढकलते. मग पहिल्यांदा ब्रेक दाबला की लिव्हर खोल जातो, दुसऱ्यांदा नीट लागतो.

चाक काढलंच असेल तर बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. अडखळलं, वाळू असल्यासारखं कचकचलं किंवा बाजूला गंज आणि दुधाळ ग्रीस दिसलं, की बदलायचंच. ग्रीस दुधाळ होतं ते पाणी मिसळल्यामुळे.

दुकानात काय मागायचं?

गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर बघा. मोबाईलने फोटो काढा आणि तोच दाखवा. उदाहरणार्थ ६३०१ म्हणजे आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७ मिमी, जाडी १२ मिमी. ६२०२ म्हणजे १५, ३५ आणि ११ मिमी. ६३०२ म्हणजे १५, ४२ आणि १३ मिमी. ही मापं जगभर सारखीच असतात, म्हणून कंपनी वेगळी असली तरी नंबर तोच असेल तर माप जुळतं.

नंबरच्या पुढची अक्षरंही वाचा. टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण. चिखल-पाण्याच्या रस्त्याला रबरी सील जास्त उपयोगाचं, कारण पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून पाणी सहज शिरतं. सी३ लिहिलं असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त असते. जुन्यावर सी३ असेल तर नवंही सी३ घ्या. बेअरिंग बिलासह घ्या आणि बरोबर ऑइल सीलही नवीन घ्या. जुनं सील परत बसवलं की पाण्याला वाट मोकळीच राहते.

चाक उतरवताना

काहीही खोलण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोणता बुश कुठल्या बाजूला, वायसर कुठे, मीटरची केबल कशी लावली, हे नंतर फोटो बघूनच आठवतं.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पुढून ब्रेकची आणि मीटरची केबल सोडवा. एक्सलचा नट काढा, एक्सल बाहेर ओढा. मागच्या चाकाला ब्रेकचा रॉड आणि ब्रेक प्लेट धरून ठेवणारी पट्टीही सोडवावी लागते. चेन अॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना कितव्या आहेत ते लिहून ठेवा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

जुनं बेअरिंग काढताना

डोळ्यांवर चष्मा हवाच. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, ठोकताना त्याचा कपचा उडतो आणि थेट डोळ्यात जातो.

आधी ऑइल सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा. त्याखाली गोल लॉक असेल तर तेही काढा. बेअरिंग हबच्या कडेपासून किती आत आहे ते दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजून ठेवा. मग एका बाजूने लांब पंच किंवा लोखंडी सळई आत घाला, मधला डिस्टन्स पीस थोडा बाजूला सरकवा आणि पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कडेवर ठोका. एकाच जागी ठोकू नका. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं फिरवत ठोका, म्हणजे बेअरिंग तिरकं न होता सरळ बाहेर येतं. एक निघालं की डिस्टन्स पीस काढून ठेवा आणि दुसरं आतून ठोकून काढा.

असं ठोकून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाही. आतल्या रिंगवर मारलेला प्रत्येक घाव छर्र्यांमधून जातो आणि रिंगवर बारीक खड्डे पडतात. "काढलंय तर डिझेलमध्ये धुऊन ग्रीस भरून टाकू" हा हिशोब महागात पडतो.

नवीन बसवताना

हबची आतली जागा कापडाने स्वच्छ पुसा. आता बेअरिंग हाताने जागेवर टेकवून बघा. ते ठोकल्याशिवाय आत जायला नको. हाताने सहज आत पडत असेल तर हबची जागा झिजली आहे. तिथे पत्र्याची पट्टी गुंडाळून किंवा पंचाने टोचे मारून बेअरिंग बसवू नका. ते काही दिवस टिकतं आणि एक दिवस रस्त्यात सुटतं. अशा वेळी लेथवाल्याला दाखवा, नाहीतर हब बदला.

जागा ठीक असेल तर सोपी युक्ती करा. नवीन बेअरिंग पॅकिंगसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब कडक उन्हात तापू द्या. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गार बेअरिंग तापल्या हबमध्ये कमी ठोक्यात बसतं. हब आगीवर किंवा गॅसच्या ज्योतीवर धरू नका.

ठोकताना एकच नियम: घाव फक्त बाहेरच्या रिंगवर. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट किंवा जुनं बेअरिंग वर ठेवून हातोडी मारा. नंबर कोरलेली बाजू बाहेर ठेवा. सील एकाच बाजूला असेल तर सीलची बाजू बाहेर.

पहिलं बेअरिंग पूर्ण तळाला जाईपर्यंत ठोका. तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ आवाजाचा भरीव होतो. कोणत्या बाजूचं आधी बसवायचं हे गाडीप्रमाणे बदलतं, ते माहितीपुस्तिकेत बघा किंवा मेकॅनिकला विचारा. मग चाक उलटं करा, डिस्टन्स पीस आत टाका आणि दुसरं बेअरिंग ठोका. हे बेअरिंग नळीला जेमतेम टेकलं की थांबा. आणखी ठोकलं तर दोन्ही बेअरिंग आडव्या दाबाखाली येतात.

डिस्टन्स पीस विसरला किंवा आखूड टाकला तर काय होतं? एक्सलचा नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि छर्रे पिळले जातात. अशी बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. "नवीन टाकलं तरी गेलं" यामागे अनेकदा हेच असतं.

दोन्ही बाजूंना सील असलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, ते उघडून भरायचं नाही. उघड्या बेअरिंगमध्ये मात्र छर्र्यांमध्ये ग्रीस दाबून भरा. ऑइल सीलच्या ओठाला आणि एक्सलला ग्रीसचा पातळ हात लावा. ब्रेक शू, ड्रम किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका.

चाक चढवताना जिवाशी खेळ नको

पुढच्या ब्रेक प्लेटवर एक खाच असते आणि शॉकअपवर तिच्यात बसणारा उंचवटा असतो. हे दोन्ही एकमेकांत बसलेच पाहिजेत. नाही बसले तर ब्रेक मारल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होतं. मागे ब्रेक प्लेटच्या पट्टीचा नट आणि तिची पिन विसरू नका. पिन नवीन घाला.

चेनचा ताण पुस्तिकेप्रमाणे ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. अति ताणलेली चेन मागचं बेअरिंग लवकर खाते. नट आवळून झाल्यावर चाक मोकळं फिरतंय ना, दोन्ही ब्रेक लागतायत ना, हे बघा. मग वाडीतल्या वाडीत हळू फेरी मारा आणि परत आल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. टॉर्क पाना घरी नसतो, म्हणून पुढच्या वेळी गॅरेजला गेल्यावर एक्सलचा नट मापाने आवळून घ्या.

बेअरिंग टिकवायचं असेल तर

- शेतातल्या एचटीपी पंपाचा किंवा वॉशिंग सेंटरच्या पाईपचा जोराचा फवारा थेट हबवर मारू नका. एवढा जोर सील अडवू शकत नाही. हब फडक्याने धुवा.
- ब्रेक मारून तापलेला हब लगेच गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ओढा ओलांडायचाच असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. पाणी हबच्या वर असेल तर आवाजाकडे पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.
- खताची पोती, चाऱ्याचे भारे गाडीच्या क्षमतेपलीकडे लादू नका.
- टायर किंवा पंक्चरसाठी चाक उतरलं की बोट घालून बेअरिंग फिरवून बघा. फुकटची तपासणी होते.

इथे थांबा, गॅरेजला जा

बेअरिंग फुटून बाहेरची रिंग हबमध्येच अडकली असेल, हबला चीर दिसत असेल, गाडीला एबीएस असेल किंवा ठोकूनही बेअरिंग हलत नसेल, तर जोर करू नका. त्यासाठी पुलर लागतो, तो गॅरेजवाल्याकडे असतो. स्कूटीच्या मागच्या चाकाला ही पद्धत लागू नाही, बहुतेक स्कूटींचं ते चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं.

आणि घरी बदलणं जमणार नसेल तरी हरकत नाही. तपासणी मात्र प्रत्येकाला जमते. गॅरेजला गेलात तर समोर उभं राहून एवढं बघा: नंबर जुळतोय का, घाव बाहेरच्या रिंगवर पडतोय का आणि डिस्टन्स पीस परत आत गेला का.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा. रोज दूध घालायला, शाळा-कॉलेजला, बाजाराला गाडीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.