आखूड नळीचा हिशेब

देवळाली प्रवरात राहणाऱ्याला लष्कर लांबचे वाटत नाही. आमचा राहुरी तालुका, शेजारचा पारनेर आणि नगर यांच्या हद्दींत के. के. रेंज हे सरावक्षेत्र पसरलेले आहे, आणि नगर शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे गाजतात ते रणगाडे. मला मात्र इथे एका हातातल्या शस्त्राविषयी लिहायचे आहे. 2025च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनसाठी पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या कंपन्यांशी करार केले. आपल्या पायदळाच्या हाती रायफलच्या काडतुसाचे कार्बाइन यायला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न त्या बातमीने पुन्हा वर आणला. निविदा आणि फायली हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर बंदुकीच्या पोलादात दडलेले आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. मग रायफलची नळी कापली की कार्बाइन तयार झाले, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही, कारण आधुनिक रायफल पुढचे काडतूस स्वतः भरते आणि त्यासाठी लागणारे बळ ती स्वतःच्याच स्फोटातून उसने घेते. नळीला वरच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. अमेरिकी एम-4 कार्बाइनमध्ये त्याचा व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास आहे. गोळी त्या छिद्रापुढे सरकली की मागचा तप्त वायू त्यातून निसटतो आणि बोल्टला मागे ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि बोल्ट येताना नवे काडतूस घेऊन येतो. एम-16 घराण्यात हा वायू एका बारीक नळकांडीतून थेट बोल्टच्या वाहकात जातो, तर आपल्या इन्सासमध्ये तो दट्ट्याला रेटतो. छिद्र कुठे पाडायचे, हा प्रश्न दोन्हींकडे तोच.

प्रवरा कालव्याच्या भागातल्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. हेडजवळच्या चारीला पाण्याचा जोर असतो, टेलला पोहोचेपर्यंत पाणी दमते. नळीतला दाबही तसाच. काडतुसाजवळ तो प्रचंड असतो आणि तोंडाकडे जाताना झपाट्याने उतरतो. मात्र इथे एक अट जास्त आहे. गोळी नळीबाहेर पडली की दाब कोसळतो. म्हणजे छिद्र ओलांडल्यापासून तोंड गाठेपर्यंत गोळी जेवढे अंतर कापते, तेवढाच वेळ वायूला काम करायला मिळतो.

आता आकडे पाहू. मूळ एम-16ची नळी 508 मिलिमीटर आणि छिद्र मागच्या टोकापासून सुमारे 33 सेंटिमीटरवर. पुढे उरतात साधारण 17 सेंटिमीटर. एम-4ची नळी 368 मिलिमीटर आणि छिद्र सुमारे 20 सेंटिमीटरवर. पुढे पुन्हा 17च. उरलेले अंतर राखले गेले, पण छिद्र हेडकडे सरकले, त्यामुळे वायू कितीतरी जास्त जोराने घुसतो. बोल्ट घाईने उघडतो. पितळी पुंगळी अजून फुगून चेंबरला चिकटलेली असताना तिला ओढले जाते, त्यात कधी तिची कड फाटते. बोल्ट इतक्या वेगाने परततो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वेळेत वर आणता येत नाही. सुटे भाग लवकर झिजतात.

मध्यम लांबीची वायुव्यवस्था हा यावरचा उपाय. छिद्र सुमारे 25 सेंटिमीटरवर न्यायचे. 16 इंची, म्हणजे 406 मिलिमीटरच्या नळीत पुढे जवळपास 16 सेंटिमीटर उरतात आणि दाबही सौम्य मिळतो. एम-4च्या नळीत मात्र 12च सेंटिमीटर उरतात. झीज कमी होते; पण कडाक्याच्या थंडीत, चिखलात किंवा कमकुवत काडतुसाने बोल्ट पुरता मागे न जाण्याची शक्यता वाढते. छिद्राचा व्यास, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग नव्याने जुळवून ती भरून काढावी लागते. अमेरिकेच्या विशेष दलांनी एम-4साठी घेतलेल्या सुधारित वरच्या भागात हीच मध्यम लांबी आहे. तिथवर पोहोचायला एम-4च्या 1994मधल्या स्वीकारानंतर दोन दशकांहून अधिक काळ गेला.

हे जुळवणे चुकले तर काय होते, ते व्हिएतनामने दाखवले. एम-16 एका प्रकारच्या दारूवर बेतली होती. सैन्याला काडतुसे मिळाली दुसऱ्या दारूची. छिद्रापाशी दाब वाढला, गोळीबाराचा वेग वाढला, राळ साचली. त्यातच चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नव्हते. अडकलेल्या रायफली हातात घेऊन सैनिक मेले. 1967मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी करून या कारभारावर कडक ठपका ठेवला. दोष नुसता बंदुकीचा नव्हता, नुसता दारूचाही नव्हता. एकमेकींसाठी न बनलेल्या दोन वस्तू सैनिकाच्या हातात एकत्र दिल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे अनेक दशके चालले ते 9 मिलिमीटरचे स्टर्लिंग घराण्यातले कार्बाइन. पिस्तुलाचे काडतूस असल्याने त्याला वायूचे छिद्रच नाही. जड बोल्ट आणि स्प्रिंग यांवर काम भागते. साधे आणि भरवशाचे, पण पल्ला तोकडा आणि चिलखती जाकिटापुढे हतबल. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने, म्हणजे एआरडीईने, इन्सासच्या कुटुंबात रायफल आणि हलक्या मशीनगनसोबत कार्बाइनही योजले होते. रायफल सैन्यात आली, कार्बाइन रूढ झाले नाही. रायफलसाठी मोजलेली दारू आखूड नळीत जळून पुरी होण्याआधीच गोळी बाहेर पडते. भडका, आवाज आणि धक्का वाढतो.

एआरडीईने नंतर निराळी वाट धरली. छिद्र सरकवण्याऐवजी काडतूसच बदलले. 5.56 बाय 30 मिलिमीटरचे छोटे काडतूस आणि त्यावर बेतलेले, वायूवर चालणारे, सुमारे तीन किलोचे जेव्हीपीसी कार्बाइन तयार झाले. शस्त्र कानपूरचे, काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे. उन्हाळ्याच्या तापात आणि उंचावरच्या हिवाळ्यात ते तपासले गेले, आणि डिसेंबर 2020मध्ये लष्कराच्या अखेरच्या चाचण्या पार पडल्याचे मंत्रालयाने जाहीर केले. या मार्गाचीही किंमत आहेच. जवानाच्या रायफलचे काडतूस त्याच्या सोबत्याच्या कार्बाइनमध्ये चालत नाही, आणि रसद दोन प्रकारची सांभाळावी लागते.

भारत फोर्जचे नवे कार्बाइनही एआरडीईच्याच आराखड्याचे आहे, पण ते पुन्हा 5.56 बाय 45च्या नेहमीच्या काडतुसाकडे वळले आहे. म्हणजे इन्सासच्या वेळचा जुना पेच पुन्हा समोर आहे. तेव्हा नव्या शस्त्राची लांबी, वजन आणि किंमत वाचताना मी आणखी एक गोष्ट शोधतो: ते कोणत्या काडतुसावर बेतले, आणि लडाखच्या थंडीत व राजस्थानच्या धुळीत त्याच काडतुसावर तपासले गेले का. सव्वाचार लाख जवानांच्या बाबतीत भरवशाचा अर्थ तेवढाच आहे. पहिली गोळी सुटल्यावर दुसरी चेंबरमध्ये आलेली असली पाहिजे.