सांगोल्याचे आबासाहेब

दीर्घ सेवेनंतर लोकप्रतिनिधीचा सत्कार व्हावा ही रीतच आहे. सांगोल्याचे कै. गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांचाही, पन्नास वर्षांच्या कारकीर्दीबद्दल, २०१२ सालीं विधानसभेंत गौरव झाला. वयोमानामुळें २०१९ ची निवडणूक त्यांनीं लढविली नाहीं. २०२१ सालीं ते निवर्तले. अकरा वेळां ते निवडून आले खरे. परंतु १९७२ व १९९५ सालीं मतदारांनीं त्यांस घरीं बसविलें, तें आम्हांस अधिक बोलकें वाटतें. पद गेलें म्हणून त्यांनीं दुष्काळी रयतेस सोडलें नाहीं. कृष्णेच्या पाण्यासाठीं आटपाडीस भरणाऱ्या पाणीपरिषदेंत नागनाथअण्णा नायकवडींसमवेत ते वर्षानुवर्षें बसत. टेंभूचें पाणी आतां माणदेशांत आलें आहे. मात्र तें उपसूनच चढवावें लागतें, आणि वीजबिल थकलें कीं पंप थांबतात; डाळिंबाच्या बागाइतदारास हें निराळें सांगावयास नको.