किशोरांची कमाई : श्रम, शिक्षण आणि कायदा

मनुष्याच्या पहिल्या कमाईची रक्कम बहुधा क्षुल्लक असते. परंतु तिची आठवण मात्र जन्मभर टिकते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रामेश्वरम् येथील अब्दुल कलाम हा मुलगा आठ वर्षांचा होता. युद्धाच्या दिवसांत बाजारात चिंचोक्यांना एकाएकी मागणी आली. मुलगा चिंचोके गोळा करून मशिदीच्या रस्त्यावरील एका दुकानात विकू लागला. दिवसभर वेचलेल्या चिंचोक्यांचा त्याला एक आणा मिळे. पुढे युद्धाची झळ त्या बेटापर्यंत पोहोचली आणि रामेश्वरम् स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली फेकले जाऊ लागले. वितरणाचे काम नात्याने भाऊ लागणारे समसुद्दीन पाहत असत. गठ्ठे झेलण्यासाठी त्यांना मदतनीस हवा होता, आणि ते काम या मुलाने पत्करले. पुढे राष्ट्रपतिपदी आरूढ झालेल्या कलामांनी आत्मचरित्रात या पहिल्या मजुरीचा अभिमानाने उल्लेख केला आहे.

ही हकीकत शाळाशाळांतून सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्याच वयाची असंख्य मुले त्या काळी आणि त्यानंतरही विडीच्या, काडेपेटीच्या, गालिच्यांच्या कारखान्यांत राबत होती. त्यांनाही मजुरी मिळत होती. पण त्या मजुरीच्या मोबदल्यात त्यांची शाळा गेली, दृष्टी गेली, फुप्फुसे गेली. मुलाला वाढवणारी कमाई कोणती आणि त्याला खाऊन टाकणारी कोणती, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

कायद्याने आखलेली रेषा

भारतीय संविधानाच्या चोविसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व अन्य धोकादायक कामे यांत नेमण्यास मनाई केलेली आहे. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ साली संमत झाला. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे निषिद्ध ठरले. चौदा पूर्ण झालेल्या, परंतु अठरा पूर्ण न झालेल्या मुलांना या कायद्यात ‘किशोर’ म्हटले असून, खाणी, ज्वालाग्राही वा स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांपासून त्यांना दूर ठेवलेले आहे. दिवाळीसाठी पंधरा वर्षांच्या मुलाने आकाशकंदील करून विकावेत. फटाक्यांच्या कारखान्यात मात्र त्याने पाऊल ठेवता कामा नये.

चौदा वर्षांखालील मुलांसाठी कायद्याने दोन अपवाद ठेवले आहेत. पहिला अपवाद घरच्या कामाचा. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मूल आपल्या कुटुंबाच्या उद्योगात मदत करू शकते. मात्र ते काम धोक्याचे नसावे, संध्याकाळी सातनंतर व सकाळी आठपूर्वी होऊ नये आणि दिवसाकाठी तीन तासांपेक्षा अधिक नसावे, असे नियमांत म्हटले आहे. कुटुंब म्हणजे आईवडील, भावंडे, काका, आत्या, मामा व मावशी. चुलत वा मामे भावंडांचा त्यात समावेश नाही. म्हणजे नात्यातील भावाकडे मजुरीवर गठ्ठे झेलणारा आठ वर्षांचा मुलगा आजच्या कायद्यात बसला नसता. कायदा कर्तबगारीच्या आड येतो, असा याचा अर्थ नव्हे. एका मुलाच्या यशावरून हजारो मुलांसाठी नियम ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरा अपवाद चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती व क्रीडा यांत भाग घेणाऱ्या मुलांचा. सर्कशीला त्यातून वगळले आहे. अशा बालकलाकाराने दिवसातून पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करू नये. त्याच्या उत्पन्नाचा निदान पाचवा हिस्सा त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. मुलाच्या कष्टाचा पैसा वडीलधाऱ्यांकडून संपू नये, हा या तरतुदीमागील हेतू उघड आहे.

किशोरांच्या कामाचे तासही ठरलेले आहेत. तीन तासांच्या कामानंतर निदान एक तासाची विश्रांती, विश्रांती धरून एकूण सहा तासांची मर्यादा, संध्याकाळी सात ते सकाळी आठपर्यंत काम नाही, जादा काम नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी, हे त्यातील मुख्य नियम होत. त्यामुळे पहाटे वर्तमानपत्रे टाकण्याच्या नोकरीवर कोणी किशोराला ठेवत असेल, तर ती प्रथा कितीही जुनी असली तरी नियमाला धरून नाही.

कमाईच्या वाटा

या मर्यादेतही किशोरांना मोकळ्या असलेल्या वाटा पुष्कळ आहेत. गावातील मुलाला परसातील भाजीपाला, कोंबड्या, शेळीचे करडू यांचा आधार असतो. शहरातील मुलीला धाकट्या मुलांचा अभ्यास घेता येतो. राखीपौर्णिमेला राख्या, दिवाळीला रंगवलेल्या पणत्या व कंदील, लग्नसराईत मेंदी, असा वर्षाचा क्रमही लावता येतो. सायकलीची दुरुस्ती, शिवणकाम, पुस्तकांना बांधणी घालणे ही कामे हात वळला की पुढे व्यवसायही होऊ शकतात.

यांपैकी एक वाट नमुन्यादाखल पाहू. समजा, पंधरा वर्षांच्या एका मुलीने पपई व शेवगा यांची शंभर रोपे पिशव्यांत लावली. पिशव्या, शेणखत, माती व बी यांसाठी तिला तीनशे रुपये खर्च आला. रोपे विक्रीयोग्य होण्यास सुमारे दोन महिने लागतात. पाणी अधिक झाले तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. कमी झाले तर सुकतात. शंभरांपैकी सत्तर जगली आणि प्रत्येकी दहा रुपयांना विकली गेली, तर हाती सातशे रुपये येतील. हे सातशे रुपये म्हणजेच आपली कमाई, असे तिला प्रथम वाटेल. परंतु त्यातून तीनशे वजा करता चारशेच उरतात. रोज अर्धा तास याप्रमाणे दोन महिन्यांत तिने तीस तास काम केले असेल, तर तिच्या श्रमाला ताशी सुमारे तेरा रुपये पडले. सत्तरऐवजी तीसच रोपे जगली असती, तर केवळ खर्च भरून निघाला असता आणि श्रम फुकट गेले असते.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने वहीत मांडला, की भांडवल, नासाडी, नफा आणि श्रमाचे मोल या कल्पना मुलीला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. पुढच्या हंगामात ती पाणी जपून घालील आणि ओळखीच्या घरांतून आधीच मागणी विचारून घेईल. किशोरवयातील कमाईचे मोल तीतून मिळणाऱ्या पैशापेक्षा या शहाणपणात अधिक असते.

शिक्षणाशी नाते

श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्या देशात फार पूर्वी झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात उतरले. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि शेतावर राबून आपल्या शिक्षणाचा भार काही अंशी उचलीत. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असा त्यांचा आग्रह होता. शाळेचा अशाने कारखाना होईल, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. साताऱ्यात मुले शिकता यावे म्हणून कमावीत होती. कमावता यावे म्हणून शाळा सोडणे ही याच्या नेमकी उलट गोष्ट होय.

चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीही प्रवेश मिळू शकतो. धोकादायक उद्योगांसाठी ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. तेथे काम शिकता शिकता विद्यावेतन मिळते, आणि उमेदवार अज्ञान असल्यास करारावर त्याचा पालक सही करतो.

मोबदला आणि त्याचे रक्षण

या कायद्याखालील करार हा अपवाद होय, कारण एरवी अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत असतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात हा सिद्धान्त पक्का केला. त्यामुळे दंडाच्या अटी घालून किशोराला कोणी बांधून ठेवू शकत नाही. पण या संरक्षणाला दुसरी धारही आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रसिद्ध खटल्यात, अज्ञान अभिनेत्रीच्या वतीने तिच्या वडिलांनी निर्मात्याशी केलेला करार निरर्थक ठरला आणि ठरलेल्या रकमेसाठी तिला दावा लावता आला नाही. म्हणून किशोराने मोबदला फार काळ थकू देऊ नये. काम थोडे करावे, त्याचे पैसे घ्यावेत, मगच पुढचे काम हाती घ्यावे.

मिळालेला पैसा कोणाच्या हाती राहतो, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दिलेल्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडता व चालवता येते. त्याच्या मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. असे खाते ही मोठी सोय आहे आणि जबाबदारीही. काही रुपयांच्या आमिषाने मुलांची खाती वापरायला घेऊन त्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवणारे लोक आज आहेत. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, मग घरबसल्या काम देऊ’ असे निरोप दूरध्वनीवर येतात. कामासाठी जो आधी पैसे मागतो तो काम देणारा नव्हे, आणि जो आपले खाते मागतो तो मित्र नव्हे, हे मुलांना वेळीच समजले पाहिजे.

पालकांनी मुलाच्या कमाईतून घरखर्च भागवण्याचा मोह शक्यतो टाळावा. गरिबीत तो टाळणे कठीण असते, हे खरे. परंतु घर मुलाच्या मजुरीवर चालू लागले, की ती मजुरी थांबवणे कोणाच्याच हाती राहत नाही आणि पहिला बळी शाळेचा जातो. उलट, त्याच पैशातून मुलाने वह्या घेतल्या, पुढच्या हंगामाचे बी घेतले किंवा धाकट्या बहिणीला काही आणले, तर श्रमाला अर्थ येतो. काम करूनही मूल शाळेत वेळेवर जाते काय, त्याला पुरेशी झोप मिळते काय, आणि नको वाटले तर ते काम त्याला सोडता येते काय, हे तीन प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी अधूनमधून स्वतःला विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तोवर मुलाची कमाई त्याला वाढवीत आहे, असे समजण्यास हरकत नाही.