तिसऱ्या तासातले शॉकअप

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या बाहा टीममधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, बजेट पास झालंय. या वर्षी चारही शॉकअप बदलतोय. एअरवाले घेऊ की कॉइलवाले? काहीही असो, कडक पाहिजेत. मागच्या वेळी गाडी फार आपटत होती."

मी विचारलं, "आपटत होती म्हणजे कधीपासून? पहिल्या लॅपपासून, की नंतर?"

जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "पहिले दीड-दोन तास तशी ठीक होती..."

त्या उत्तरावर आमचं तासभर बोलणं झालं. माझा पीएचडीचा विषय शॉकअपमध्ये तयार होणारी उष्णता हाच आहे, त्यामुळे मला थांबवणं कठीण असतं. तेच बोलणं इथे जरा नीट मांडते.

ज्यांना बाहा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाहा एसएई इंडिया ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. २००७ पासून ती इंदूरजवळच्या पिथमपूरला भरत आली आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बनवलेली एका सीटची ऑल-टेरेन गाडी, म्हणजे एटीव्ही, तिथे उतरवायची. शेवटची परीक्षा चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसची: दगड, ओंडके, खड्डे, उंचवटे. आमच्या वेळी सगळ्यांना इंजिन सारखंच, जेमतेम १० हॉर्सपॉवरचं. त्यामुळे ताकदीत फरक पडत नाही. फरक पडतो तो खड्ड्यातून गाडी किती वेगाने आणि किती वेळ शाबूत नेता येते यात.

आमची गाडी तिसऱ्या तासात बेडकासारख्या उड्या मारायला लागली. ड्रायव्हरला पुढे दहा दिवस कंबर धरून चालावं लागलं. आम्ही दोष दिला स्प्रिंगला: "मऊ पडली." पुढच्या वर्षी जास्त कडक स्प्रिंग टाकली. गाडी पहिल्या तासातच उड्या मारायला लागली. असं का झालं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शॉकअप धक्का शोषत नाही

नावातच घोळ आहे. पाठ्यपुस्तकात 'धक्काशोषक' लिहितात, पण धक्का शोषते ती स्प्रिंग. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा साठवून ठेवते. पण स्प्रिंग उधारी ठेवत नाही. घेतलेलं सगळं लगेच परत करते, आणि गाडी वर उडते. एकट्या स्प्रिंगवरची गाडी म्हणजे चाकं लावलेली गादी.

मधल्या नळकांड्याचं, म्हणजे डॅम्परचं, काम ती परत येणारी ऊर्जा खाण्याचं. आत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं. पिस्टन हलला की तेलाला त्या छिद्रांतून घुसावं लागतं, ते विरोध करतं, आणि गाडीच्या उड्यांची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलते. डॅम्परला दुसरं काही येतच नाही. हालचाल घ्यायची आणि उष्णता करून हवेत सोडायची, एवढंच.

म्हणजे शॉकअप अपग्रेड करताना दोन वेगळे प्रश्न असतात. स्प्रिंग किती कडक हवी? आणि डॅम्परने किती ऊर्जा, किती वेळ खायला हवी? टीम बहुधा पहिल्यावरच भांडतात.

कडक स्प्रिंगचं गणित

समजा गाडीच्या मागच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन ५० किलो आहे. गाडीने सेकंदाला साधारण दोनदा डोलावं, म्हणजे नैसर्गिक वारंवारता २ हर्ट्झ असावी असं ठरवलं, तर चाकापाशी सुमारे ७.९ न्यूटन प्रति मिलिमीटर इतकी कडकता लागते. आता शॉकअप काही चाकावर उभा नसतो. तो ए-आर्मच्या मध्ये कुठेतरी, तिरका बसवलेला असतो. चाक १० सेंटिमीटर हललं आणि शॉकअप ६ सेंटिमीटरच दबला, तर मोशन रेशो ०.६. आणि हा रेशो गणितात वर्ग होऊन येतो: ०.३६. म्हणून प्रत्यक्ष स्प्रिंग घ्यावी लागते जवळपास २२ न्यूटन प्रति मिलिमीटरची. एका गाडीवर झकास चाललेला शॉकअप दुसरीवर बेकार ठरतो, त्याचं मोठं कारण हा वर्ग. शॉकअप तोच, पण ब्रॅकेट चार बोटं आत सरकलं की सगळं बदललं.

आता ज्युनिअरच्या म्हणण्याप्रमाणे स्प्रिंग दुप्पट कडक करू. वारंवारता २ वरून २.८ हर्ट्झवर जाते. चौपट केली तर थेट ४ हर्ट्झ. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त हळवं असतं. म्हणजे स्प्रिंग कडक करत गेलो की आपण ड्रायव्हरच्या कंबरेच्या दिशेनेच चालत असतो.

पण आमच्या दुसऱ्या वर्षीच्या फजितीचं कारण वेगळं होतं. डॅम्पर किती पुरेसा आहे, हे स्प्रिंगशी तुलना करूनच ठरतं. त्या तुलनेला डॅम्पिंग रेशो म्हणतात. शून्य म्हणजे अजिबात विरोध नाही. १ म्हणजे गाडी एकदा दबून डोलल्याशिवाय जागेवर येते. वरच्या उदाहरणात हा रेशो ०.४ आहे असं धरा. गाडी १० सेंटिमीटर उचलून सोडली तर पुढच्या डोलात ती फक्त ६ मिलिमीटर वर येईल. काम फत्ते.

आता डॅम्पर तोच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक करा. रेशो घसरून ०.२८ होतो, आणि पुढचा डोल १६ मिलिमीटरचा. जवळपास अडीचपट! स्प्रिंग ताकदवान झाली, पण तिला आवरणारा तोच राहिला. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

मग तिसऱ्या तासात काय होतं?

वरच्याच गाडीत डॅम्परचा विरोध चाकापाशी धरला तर साधारण ५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतो. खडबडीत ट्रॅकवर चाक गाडीच्या तुलनेत सरासरी (नेमकं सांगायचं तर वर्गमूळ-सरासरीने) अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने वर-खाली होतंय असं समजू. तर तो एक डॅम्पर सतत १२५ वॅट उष्णता तयार करतोय. घरातल्या जुन्या १०० वॅटच्या बल्बला हात लावून बघितलाय ना कधी? त्याहून जास्त, आणि तेही एका बंद नळकांड्यात.

तेल आणि धातू मिळून नळकांडं एक अंश तापवायला १००० जूल लागतात असं धरलं, तर उष्णता बाहेर गेलीच नाही तर मिनिटाला साडेसात अंश चढतील. दहा मिनिटांत ७५ अंश. प्रत्यक्षात वारा लागतो, उष्णता बाहेर जाते, आणि एका तापमानाला तराजू स्थिर होतो. तो कुठे स्थिर होईल यावर सगळी रेस ठरते. डॅम्परवर चिखलाचा जाड थर बसला, की तराजू वर सरकला. चिखल सुकला की तो गोधडीसारखंच काम करतो.

तेल तापलं की पातळ होतं. साध्या तेलाचा दाटपणा ४० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की निम्म्याहून बराच खाली येतो. इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या कामाचा बराच वेळ त्यातच जातो: दाटपणा निम्मा झाला म्हणून विरोध निम्मा होतो असं नाही. तेल खळाळत छिद्रातून जात असेल तर विरोध मुख्यतः तेलाच्या घनतेवर ठरतो, आणि घनता फारशी बदलत नाही. पण तेल बारीक फटींतून शांतपणे झिरपत असेल, उदाहरणार्थ पिस्टनच्या कडेने, तर तिथे दाटपणाचंच राज्य. म्हणून झिजलेल्या सीलचा शॉकअप थंड असताना बरा वाटतो आणि तापला की हात वर करतो.

दुसरा शत्रू बुडबुडे. पिस्टन झपकन हलला की त्याच्या मागच्या बाजूला दाब पडतो, तेलात विरघळलेला वायू बाहेर येतो, तेलाचा फेस होतो. तेल दाबलं जात नाही, फेस दाबला जातो. पिस्टनला ढकलायला काही उरतच नाही.

या सगळ्यातून डॅम्पिंग निम्मं झालं असं धरा. रेशो ०.४ वरून ०.२, आणि पुढचा डोल ६ वरून २८ मिलिमीटर. स्प्रिंग सकाळी होती तशीच आहे. गाडी मात्र बेडूक झाली. पहिल्या वर्षी आमचं हेच झालं होतं, आणि आम्ही नेमक्या निर्दोष स्प्रिंगला शिक्षा दिली.

महागड्या शॉकअपमध्ये पैसे कुठे जातात

फेसावरचा उपाय जुना आहे. फ्रेंच संशोधक द कार्बों यांनी एकाच नळीचा डॅम्पर मांडला. त्यात तेलाच्या एका टोकाला सरकता पिस्टन आणि त्यापलीकडे दाबाखालचा वायू असतो. तो वायू तेलाला कायम दाबून धरतो, त्यामुळे बुडबुडे सहज होत नाहीत. जर्मनीच्या बिल्स्टाईन कंपनीने १९५० च्या दशकात ही रचना मोटारींसाठी उत्पादनात आणली. आज चांगल्या एटीव्ही शॉकअपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो तो याच कारणासाठी.

बाजूला लटकणारी छोटी टाकी, म्हणजे रिझर्व्हॉयर, ही शोभेची वस्तू नाही. तिच्यामुळे जास्त तेल मावतं, उष्णता सोडायला जास्त पृष्ठभाग मिळतो, आणि वायूला वेगळी जागा मिळते.

तिसरी गोष्ट पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या, शिम. नुसत्या छिद्राचा घोटाळा असा, की पिस्टनचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. दगडावर आपटताना तो दगडासारखाच होतो. शिम वाकतात आणि जास्त वाट मोकळी करतात, त्यामुळे मोठा धक्का बोचत नाही. वर नॉब असतात, 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' लिहिलेले. हा वेग गाडीचा नव्हे, पिस्टनचा! गाडी ताशी १० किलोमीटरने ओंडक्यावर आदळली तरी तो हाय स्पीड. सपाट वळणावर ४० ने झुकली तरी लो स्पीड. ही गल्लत मी स्वतः दोन वर्षं केली.

आणि एअर की कॉइल? एअरमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा. हलका, पंपाने कडकपणा बदलता येतो, आणि दबत जाईल तसा आपोआप कडक होतो, त्यामुळे मोठ्या उडीत तळाला आपटत नाही. म्हणून बाहाच्या टीमना तो आवडतो. पण सील जास्त, म्हणून घर्षण जास्त; बारीक खड्ड्यांना तो जरा उशिरा दाद देतो. आणि हवासुद्धा तापते. सकाळी २७ अंशांना ६० पीएसआय भरलेली हवा त्याच जागेत ८७ अंशांना साधारण ७५ पीएसआय दाखवेल. गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते. कॉइल जड असते, पण तिला ऊन कळत नाही.

पैसे देण्याआधी

ज्युनिअरला मी पाच कामं सांगितली. यांतल्या कुठल्याच कामाला बजेट लागत नाही.

१. ड्रायव्हर बसवून प्रत्येक चाकाची बैठक मोजा: लटकलेलं चाक आणि जमिनीवरचं चाक यांतला फरक. २ हर्ट्झच्या गाडीत तो साधारण ६ सेंटिमीटर यायला हवा.

२. शॉकअपच्या दांड्याला झिप-टाय सैलसर बांधा आणि एक लॅप मारा. तो कुठपर्यंत सरकला ते बघा. शेवटपर्यंत गेलाच नाही तर स्प्रिंग आधीच जास्त कडक आहे.

३. मोशन रेशो कॅडमध्ये नव्हे, गाडीवर टेपने मोजा.

४. गाडी दाबून सोडा, थंड असताना आणि तासभर पळवल्यावर लगेच. डोल मोजा. दोन्हींत फरक दिसला तर स्प्रिंग सोडा, डॅम्पर बघा.

५. इन्फ्रारेड थर्मामीटरने नळकांड्याचं तापमान दर पंधरा मिनिटांनी नोंदवा. चकचकीत धातूवर रीडिंग खोटं कमी येतं. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

फरक फक्त गरम झाल्यावर दिसत असेल, तर आधी जुने शॉकअप उघडून सील आणि तेल बदला, नायट्रोजन पुन्हा भरून घ्या. नायट्रोजनचं काम मात्र सोय असलेल्या माणसाकडूनच, कारण आत जबर दाब असतो. एवढं करूनही तापमान चढतच राहिलं तरच नवीन घ्या. आणि घेताना 'कडक आहे का' असं विचारू नका. 'गरम असतानाचा डायनो ग्राफ दाखवा' म्हणा.

परवा त्याचा मेसेज आला. चार चाकांचे झिप-टाय, चौघांचे फोटो. मागचे दोन तळापर्यंत पोचलेले, पुढचे दोन अर्ध्यावरच अडलेले. खाली लिहिलंय, "ताई, पुढच्या स्प्रिंग तर आधीच जास्त कडक निघाल्या. चारची ऑर्डर थांबवलीय. मागचे दोन उद्या उघडतोय."