कोबी, नवलकोल आणि नाक मुरडणारी मंडळी

मंडळी, पंगतीत कोबीची भाजी वाढायला आली की दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक जण पान पुढे सरकवतो, दुसरा पानावर आडवा हात धरतो. मुळ्याच्या बाबतीत तर ही फूट एकेका घरात असते. आजोबांना दही घातलेली मुळ्याची कोशिंबीर रोज चालते आणि नातू मुळा किसायला घेतला की ओसरीवर पळतो. मोठ्या माणसाने हात आडवा धरला तर आपण म्हणतो, एकेकाची आवड. पोराने धरला तर म्हणतो, लाडावलाय! हा न्याय कितपत खरा आहे, हे पाहायचे तर या भाज्यांच्या घरी एकदा जाऊन यायला हवे.

घर मोठे आहे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, सलगम, मोहरी आणि हळीव. हळीव म्हणताच बाळंतिणीचे लाडू आठवले असतील. होय, तोच हळीव. ही सगळी एका कुळातली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना फुलावरून ओळखले. चार पाकळ्या, क्रुसाप्रमाणे समोरासमोर मांडलेल्या, म्हणून या कुळाचे जुने नाव क्रुसिफेरी. गुरुजींनी मुळ्याचे किंवा मोहरीचे एक फूल वर्गात नेले तर पोरे ते क्षणात मोजतील. कोबीचे फूल मात्र आपल्याला सहसा दिसत नाही, कारण त्याआधीच आपण गड्डा कापतो. मुळा वावरात राहिला तर फुलतो, शेंगा धरतो, आणि त्या कोवळ्या शेंगा म्हणजेच आपल्या डिंगऱ्या.

त्यातही कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि हल्ली शहरच्या बाजारात दिसणारी ब्रोकोली ही नुसती भाऊबंद नव्हेत, तर एकाच जातीची रूपे आहेत. युरोपकडच्या एका रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडून ती घडवली. कोणी पाने मिटून घट्ट गड्डा होणारी रोपे राखली, कोणी दाट कळ्यांचा तुरा धरणारी, तर कोणी बुडखा फुगणारी. नवलकोलाला पुष्कळ लोक मूळ समजतात. पण तो आहे खोड. म्हणून तर तो मातीच्या वर बसतो आणि त्याच्या अंगावरून पानांचे देठ फुटतात.

आता नावांची गंमत ऐका. 'कोबी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'कोव्ह' या शब्दावरून आला. बंगालीतली 'कपि' याच नात्यातली. पोर्तुगिजांचा शब्द तरी कुठला? लॅटिन भाषेत देठाला, खोडाला जो 'कॉलिस' शब्द आहे, त्याचाच. जर्मनांचा 'कोल' आणि डच लोकांचा 'कोल' हेही त्याचेच. इंग्रजांचा 'कॅबेज' मात्र वेगळ्या वाटेने गेला. तो डोके या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपण 'कोबीचा गड्डा' म्हणतो, ते 'कोबीचे डोके' म्हणतात. पाहणारे डोळे निराळे, वस्तू तीच.

नवलकोलाची कथा तर नावाप्रमाणे नवलाचीच. डच भाषेत 'क्नोल' म्हणजे गाठ किंवा गड्डा आणि 'कोल' म्हणजे कोबी. मिळून झाला 'क्नोलकोल', म्हणजे गड्ड्याचा कोबी. आपल्या माणसाच्या जिभेला तो 'क्न' काही पेलला नाही. तिने ओळखीचा शब्द शोधला आणि 'नवल' सापडले! भाजीचे रूपही तसे नवलाचेच, म्हणून नाव पक्के बसले. सीमेपलीकडे कन्नड भाषेत तिला 'नविलुकोसु' म्हणतात. कन्नडमध्ये 'नविलु' म्हणजे मोर. भाजीत मोर नाही, पण कानाला जे ओळखीचे वाटले ते लोकांनी घेतले. बंगाली माणसाने नावाऐवजी आकार पाहिला आणि 'ओलकपि' म्हटले, म्हणजे सुरणासारखा कोबी. माझे मत विचाराल तर कोशातल्या शुद्ध नावापेक्षा अशी बिघडून घडलेली नावे शिकवायला अधिक चांगली. तुमच्या गावात कोबीला पानकोबी म्हणतात, पत्ताकोबी म्हणतात की आणखी काही, हे मुलांनी घरच्या आजीला विचारून वहीत लिहून आणावे.

नावे आपण सहज आपलीशी केली. वासाचे तसे झाले नाही. हा वास येतो कुठून?

या कुळातल्या झाडांना शिंगे नाहीत, काटे नाहीत. किड्यामुंगीपासून वाचायला त्यांनी निराळी युक्ती केली आहे. पानाच्या अंगात गंधक असलेले एक द्रव्य असते आणि त्याच्यापासून दूर, वेगळ्या पेशींत, एक पाचक रस. दोन्ही जागच्या जागी असली तर वास नाही, तिखटपणाही नाही. किड्याने पान कुरतडले, आपण विळीवर चिरले किंवा दाताने चावले, की दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारे तेल तयार होते. गृहिणींनी ही रसायनविद्या कधीच ओळखली आहे. कोरडी मोहरी मुठीत घेऊन हुंगा, काही नाही. तीच पाणी घालून फेसली की नाकात झिणझिण्या येतात. आणि फोडणीत टाकली तर? तडतडते, खमंग लागते, पण झोंबत नाही, कारण तापल्या तेलात तो पाचक रस मरतो.

कोबीचेही तसेच. थोडा वेळ वाफवला तर गोडसर लागतो. पण पातेले झाकून तासभर रटरटू दिले की गंधकाचा वास सुटतो आणि तो घरभर फिरतो. कोबी नावडणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी बहुधा कोबी खाल्लाच नसेल, त्यांनी खाल्ला असेल तो गाळ झालेला कोबी. हा माझा अंदाज, मोजणी नव्हे, बरं का.

पण सारा दोष पातेल्याचाही नाही. 1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पांढरी पूड बाटलीत भरत होता. थोडी पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारा सोबती म्हणाला, केवढी कडू आहे ही! फॉक्सला मात्र कसलीच चव लागेना. त्याने इतरांच्या जिभेवर ती ठेवून पाहिली, तर कोणाला अति कडू, कोणाला काहीच नाही. पुढे कळले की हा फरक आईबापांकडून येतो, आणि 2003 साली त्याचा जनुकही सापडला. त्या पुडीच्या रेणूत जो गंधकाचा भाग कडू लागतो, तशाच घडणीची द्रव्ये कोबी-मुळ्याच्या कुळात असतात. म्हणजे एकाच पंगतीत, एकाच भाजीची, दोन माणसांना खरोखर दोन चवी लागू शकतात. लहान मुलांना तर कडूपणा मोठ्यांपेक्षा अधिक जाणवतो.

म्हणून शाळेत दुपारच्या जेवणात कोबी बाजूला सारणाऱ्या पोराला सर्वांसमोर नावे ठेवू नयेत. ते खोटे बोलत नाही. 'संपवल्याशिवाय उठायचे नाही' असा दम दिला की भाजीबरोबर दमही ध्यानात राहतो आणि नावड पक्की होते. त्यापेक्षा चमचाभर वाढा, खाल्ली तर ठीक, नाही तर पुन्हा चार दिवसांनी चमचाभर. अशा आठ-दहा खेपांनी पुष्कळ मुलांची जीभ रुळते. चण्याची डाळ किंवा ओले खोबरे घातले, वरून लिंबू पिळले, की कडूपणा पुष्कळ झाकतो.

एक शंका नेहमी येते, कोबीने गलगंड होतो का? 1928 साली बाल्टिमोरला निव्वळ कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला होता, हे खरे. पण आपण काही ससे नव्हे. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे, कोबी शिजवलेला आहे आणि ताटात इतर अन्नही आहे, तर भीती नाही. ज्यांना आधीच त्या ग्रंथीचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

गुरुजींसाठी एक सोपा प्रयोग. तीन वाट्या घ्या. पहिलीत कोरडी कुटलेली मोहरी. दुसरीत तीच मोहरी गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवलेली. तिसरीसाठी आख्खी मोहरी उकळत्या पाण्यात काही मिनिटे शिजवून मग वाटलेली. मुलांना वाट्या हाताच्या अंतरावरून हुंगू द्या, दुसरीपासून जरा जपून. कोणती झोंबते आणि का, ते आधी त्यांनाच सांगू द्या.